मंत्रचळ : सोवळ्याच्या आड राहिलेला आजार

(पोस्ट लांब आहे. रविवार आहे, चहा घेऊन निवांत वाचा.)

कॉलेजची पोरं हल्ली सर्रास म्हणतात, "मला ना यार, ओसीडी आहे. चादरीला सुरकुती दिसली की चैनच पडत नाही." आणि हसतात. कपाट नीट लावणाऱ्याला ओसीडी, गाडी रोज धुणाऱ्याला ओसीडी, पेन एका रांगेत ठेवणाऱ्याला ओसीडी. शब्द स्वस्त झाला. पण ज्याला हा आजार खरोखर जडलेला असतो, तो असं हसत सांगत नाही. बहुतेक वेळा तो सांगतच नाही. घरातले सांगतात, तेही फार उशिरा, आणि तेव्हाही आजार म्हणून सांगत नाहीत. "आमच्या आईला ना, सोवळं फार लागतं," एवढंच.

आपल्या मराठीत या आजाराला जुना, अगदी नेमका शब्द आहे. मंत्रचळ. चळ म्हणजे वेड, भ्रम, "त्याले काय चळ लागना का?" असं आपण आजही म्हणतोच. मंत्र म्हणताना उच्चार चुकला, विधीत गडबड झाली आणि त्यापायी माणसाचं डोकं फिरलं, असा त्या शब्दामागचा समज. म्हणजे आपल्या पूर्वजांनी असा माणूस पाहिलेला होता. तोच तोच मंत्र पुन्हा म्हणणारा, चुकला असेल या शंकेने परत पहिल्यापासून सुरू करणारा, पूजेतून दुपारपर्यंत न उठणारा. त्याला त्यांनी नाव दिलं. फक्त कारण उलटं लावलं. मंत्र चुकला म्हणून चळ लागत नाही. चळ लागलेला असतो म्हणून मंत्र सारखा चुकल्यासारखा वाटतो. या एका उलट्या समजाची किंमत आपण पिढ्यान्‌पिढ्या मोजतोय, म्हणून आज हे लिहायला बसलो.

आधी आजार काय आहे ते साध्या भाषेत. डोक्यात एक नकोसा विचार घुसतो: हाताला घाण लागली, गॅस चालू राहिला, कुलूप लागलं नाही, देवाच्या मूर्तीकडे बघताना मनात शिवी आली. असे विचार सगळ्यांनाच येतात आणि जातात. या माणसाचा जात नाही. जीव कासावीस होतो. मग तो घालवायला तो काहीतरी करतो. हात धुतो, कुलूप ओढून बघतो, मनातल्या मनात अकरा वेळा नाव घेतो. दोन मिनिटं बरं वाटतं. पुन्हा विचार. पुन्हा धुणं. बरं, आपण करतोय ते निरर्थक आहे हे त्याला बहुधा कळत असतं, आणि तरीही थांबता येत नाही. खरा छळ तिथे आहे. आसोद्याच्या बहिणाबाईंचं मनावरचं गाणं आपल्या तोंडपाठ आहे. त्यातलं मन उनाड आहे, कुठल्या कुठे जातं. हे मन कुठेच जात नाही. घाण्याच्या बैलासारखं एकाच खुंट्याभोवती फिरत राहतं.

धुणारे निदान दिसतात तरी. काहींचं सगळं मनातच चालतं, त्यांचा पत्ताच लागत नाही. तान्ह्या बाळाच्या आईला वाटत राहतं, माझ्या हातून बाळाला इजा होईल. ती सुरी कपाटात लपवते, बाळाला एकटीने आंघोळ घालायला घाबरते आणि हे कुणाला सांगणार? लोक म्हणतील, ही आई की वैरीण! खरं म्हणजे तिला त्या विचाराची भीती बसलीय ती बाळावर जीव आहे म्हणूनच. एखादा विद्यार्थी एकच ओळ दहादा वाचतो, नीट वाचली की नाही ही शंका जात नाही. पेपर अर्धा राहतो आणि मास्तर म्हणतात, पोरगं मंद आहे. आजार सुरू व्हायचं वय साधारण हेच: किशोरवय ते विशीचा पूर्वार्ध. काहींना त्याच्याही आधी.

आता इतिहासाकडे येतो.

मनुस्मृतीचं नाव काढलं की खाली भांडण पेटणार, माहीत आहे. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला ती जाळली गेली आणि ज्या कारणासाठी जाळली गेली ते कारण रास्तच होतं. कुणाच्या स्पर्शाने कोण बाटतं याचे नियम ज्या ग्रंथांनी पक्के केले, त्यांतला हा मुख्य. पण त्याच्या पाचव्या अध्यायात शुद्धीचे जे नियम आहेत, ते आपल्या विषयाच्या दृष्टीने वाचण्यासारखे आहेत. शौचानंतर हाताला माती किती वेळा लावायची याचे आकडे तिथे दिलेत. डाग आणि वास जाईपर्यंत माती-पाणी वापरावं, असंही सांगितलंय. आणि त्यापुढची गोष्ट: जे अशुद्ध झालेलं डोळ्यांना दिसलेलं नाही, ते शुद्धच धरावं.

म्हणजे बघा. विटाळाचा एवढा बाऊ करणाऱ्या ग्रंथानेसुद्धा धुण्याला शेवट ठेवला होता. आकडा ठेवला होता, खूण ठेवली होती आणि शंकेला सरळ माफी दिली होती. दिसलं नाही ना? मग सोड.

हीच गोष्ट इतर धर्मांत. आपल्या भुसावळ-मालेगाव पट्ट्यात उर्दू बोलणाऱ्या घरांत "वसवसा" हा शब्द ऐकू येतो. नमाजापूर्वी वजू करताना एखाद्याला वाटतं, कोपर कोरडं राहिलं. परत वजू. परत शंका. या वसवशावर मुस्लिम विद्वानांनी शेकडो वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. आजच्या अफगाणिस्तानातल्या बल्खचा अबू झैद अल्‌-बल्खी, नवव्या-दहाव्या शतकातला. त्याने शरीर आणि मन दोघांच्या आरोग्यावर एक ग्रंथ लिहिला आणि त्यात माणसाला सतत छळणाऱ्या विचारांचा त्रास वेगळा काढून त्यावर प्रकरण दिलं. इस्लामी कायद्यात तर ठाम तत्त्वच आहे की एकदा झालेली खात्री नुसत्या शंकेने मोडत नाही. युरोपात कॅथलिक पाद्री अशा शंकेखोर भक्तांना ओळखून होते. त्या त्रासाला त्यांनी जो लॅटिन शब्द लावला त्याचा मूळ अर्थ टोचणारा बारीक खडा. चपलेत खडा अडकावा आणि दर पावलाला टोचावा, तसं.

तिन्हीकडे धर्म सांगतोय, इथे थांब. आणि तिन्हीकडे एक माणूस असा आहे ज्याला ते "थांब" ऐकूच येत नाही. भक्तिभाव आणि आजार यांच्यातला फरक मला विचाराल तर एवढाच आहे. किती वेळा करतो याला महत्त्व नाही. थांबता येतं का, ते बघा.

गाडगेबाबा आयुष्यभर हातात खराटा घेऊन फिरले. गावंच्या गावं झाडली. पण झाडून झालं की बाबा कीर्तनाला उभे राहत, लोकांत मिसळत, कुणाच्याही दारची भाकरी खात. त्यांची स्वच्छता त्यांना माणसांकडे घेऊन गेली. मंत्रचळाची स्वच्छता माणसाला मोरीत कोंडते. आपल्या धुळ्याचंच दुसरं उदाहरण. इतिहासाचार्य राजवाडे कागदांसाठी वेड्यासारखे गावोगाव हिंडले, मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड काढले. त्यांच्या हट्टाचे, विक्षिप्तपणाचे किस्से आजही सांगतात. कुणी उत्साही माणूस त्यांनाही ओसीडी लावून मोकळा होईल. लावू नका. राजवाड्यांना ते काम हवं होतं. मंत्रचळ लागलेल्याला त्याचं धुणं नको असतं. त्यातून सुटका हवी असते.

मग प्रश्न असा, की शब्द होता, ओळख होती, शास्त्रात थांबायची खूणही होती, तरी हा आजार आपल्याकडे आजार म्हणून का दिसला नाही? कारण त्याला मान मिळाला. सोवळं ही आपल्याकडे प्रतिष्ठेची गोष्ट. कुणाचा स्पर्श चालतो, कुणाचा नाही, यावर माणसाची पायरी ठरायची. चोखामेळा आणि सोयराबाई यांनी सातशे वर्षांपूर्वी विटाळावर रोखठोक प्रश्न विचारले, तरी तो गेला नाही. अशा समाजात एखादी बाई दिवसातून चार वेळा आंघोळ करायला लागली, बाजारातून आलेलं मीठसुद्धा धुवायला निघाली, तर तिला कोण आजारी म्हणणार? "फार कडक हो त्या," असं कौतुकानेच बोलायचे.

यातही घरातली पायरी कामाला येते. सासूला मंत्रचळ असेल तर सगळं घर तिच्या नियमावर चालतं. सुना पाण्याचे हंडे वाहतात, नातवंडं शाळेतून आली की दारातच कपडे काढतात. तोच आजार सुनेला झाला तर? "काय व्हयनं तिले? बाहेरचं लागनं." मग भगत, मग उतारा, आणि तेही नाही जमलं तर माहेरी पोचती. आजार एकच. एकीच्या वाट्याला मान, दुसरीच्या वाट्याला मार. भगताकडे धूर दिला, साखळीने बांधलं, झोडपलं, हे प्रकार आपल्या भागाने पाहिलेत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा आला, त्यामुळे अशा मारझोडीवर निदान गुन्हा तरी दाखल होऊ शकतो.

तिकडे युरोपात काय चाललं होतं? फ्रान्समध्ये एस्किरॉल नावाच्या डॉक्टरने १८३८ साली आपल्या ग्रंथात एका बाईची हकीकत नोंदवली. ती व्यापारी वळणाची, हिशेब ठेवणारी. तिला भीती अशी, की हिशेबात चूक होऊन कुणाचं नुकसान होईल. पैशाला हात लावला तर काहीतरी मौल्यवान आपल्या बोटांना चिकटून राहील. म्हणून ती हात झटकत राहायची, घासत राहायची. आणि हे सगळं खुळचट आहे हे तिला पुरतं कळत होतं. मला ही हकीकत वाचताना जळगावचा सराफ बाजार आठवला. दुकान बंद केल्यावर कुलूप चारदा ओढून बघणारा, घरी पोचून परत स्कूटरला किक मारणारा माणूस तुमच्याही ओळखीचा असेल. पॅरिसची बाई आणि सुभाष चौकातला माणूस, आजार एक. फक्त तो भीतीचा विषय जिथल्या तिथून उचलतो. व्यापाऱ्याला हिशेबातून, भक्ताला देवातून, आईला बाळातून. ज्याला जे सगळ्यांत मोलाचं, त्यालाच तो हात घालतो.

पुढे फ्रॉइड आला. १९०७ मध्ये त्याने या आजारातली कर्मकांडं आणि धर्मातली कर्मकांडं शेजारी ठेवून दोन्हींतलं साम्य दाखवलं. इथवर ठीक. पण त्याचा हिंदुस्थानातला एक इंग्रज चेला, रांचीच्या वेड्यांच्या इस्पितळाचा प्रमुख ओवेन बर्कले-हिल, याने १९२१ मध्ये लेख लिहून सगळ्या हिंदू समाजाचा स्वभावच असा विकृत असल्याचा निकाल देऊन टाकला. साहेबाच्या मते सगळा देश रोगी! त्याने अख्ख्या समाजाला आजारी ठरवलं, आणि आपण आजारी माणसाला सोवळा ठरवलं. दोघांच्या मधे खरा पेशंट राहून गेला.

एक प्रसिद्ध दृश्य आठवा. मॅकबेथ नाटक, आपल्याकडे शिरवाडकरांनी 'राजमुकुट' म्हणून १९५४ मध्ये मराठीत आणलं. राणी झोपेत हात धुते, रक्ताचा डाग जात नाही. लोकांना वाटतं, सारखे हात धुणाऱ्याच्या मनात काहीतरी पाप असणार. पण त्या राणीच्या हातून खरोखर पाप झालेलं होतं. आपल्या शेजारच्या घरातल्या बाईने काहीच केलेलं नसतं, आणि तरी ती त्या राणीपेक्षा जास्त वेळ धुते.

सरकारी दप्तरात शोधायला गेलात तर हे रुग्ण सापडणं कठीण. १८५८ मध्ये इंग्रजांनी वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा केला, १९१२ मध्ये दुसरा. नागपूर, रत्नागिरी, ठाणे, येरवडा इथे इस्पितळं झाली. आपला खान्देश तेव्हा १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम असा नुकताच दोन जिल्ह्यांत वाटला गेलेला, आणि त्या यादीत खान्देशातलं एकही गाव नाही. आजही राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं म्हटली की हीच चार नावं. पण मुद्दा वेगळा आहे. त्या इस्पितळांत कोण जायचं? रस्त्यावर फिरणारा, अंगावर धावून येणारा, पोलिसांनी धरून नेलेला. मंत्रचळ लागलेला माणूस दुकान चालवतो, नोकरी करतो, स्वयंपाक करतो. तो कायद्याच्या "वेड्या"त बसत नव्हता आणि साध्या दवाखान्यातल्या डॉक्टरकडे त्याच्यासाठी काही नव्हतं. मुंबईत जे. जे. रुग्णालयात १९३८ मध्ये मनोविकारांची बाह्यरुग्ण सेवा सुरू झाली, तेव्हा कुठे वेड्यांच्या इस्पितळाची पायरी न चढता दाखवायची सोय झाली. आपल्या धुळ्यात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं १९८९ साली. जळगावात २०१८ साली. मधल्या काळात ज्यांची ऐपत होती ते पुण्या-मुंबईला गेले, बाकीच्यांनी घरातच काढलं.

उपचाराची गोष्ट सांगायलाच हवी, कारण "यावर इलाज नसतो" हा समज अजून घट्ट आहे. १९६६ सालापर्यंत खरोखरच फारसा इलाज नव्हता. तासन्‌तास बालपण उगाळत बसायचं, फरक नाही. त्या वर्षी लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमधल्या व्हिक्टर मायर याने दोन रुग्णांवरच्या उपचाराची माहिती प्रसिद्ध केली. एकीचा त्रास स्वच्छतेचा, दुसरीचा देवाधर्माबद्दलच्या नको त्या विचारांचा. त्याने उलटी वाट धरली. ज्या वस्तूची किळस, तिलाच हात लावायचा, आणि नंतर धुवायचं नाही. धुण्याच्या रुग्णाच्या खोलीतलं पाणीच बंद केलं. जीव वर-खाली झाला, घाम फुटला, पण काही वेळाने भीती आपोआप ओसरली. कारण भीतीचा स्वभावच असा की ती कायम चढती राहू शकत नाही. धुण्याने आपण तिला ओसरू देत नाही, एवढंच.

धुळेकर म्हणतील, आमच्या खोलीतलं पाणी तर महापालिकाच बंद ठेवते! उन्हाळ्यात आठ-आठ दिवसांनी नळ येतो, मग इथे कुणाला मंत्रचळ राहायलाच नको. विनोद सोडा, पण यात एक गंभीर गोष्ट आहे. जबरदस्तीने पाणी तोडल्याने आजार जात नाही, उलट चिघळतो. बाई टाकीतलं सगळं पाणी पहिल्याच दिवशी संपवते, मग शेजारी मागते, टँकर मागवते, घरात रोज भांडण. मायरच्या उपचारात रुग्णाची संमती होती, शेजारी बसायला माणूस होतं, आणि भीतीच्या एकेक पायऱ्या ठरवून चढायच्या होत्या. आज चपलेला हात लावून दहा मिनिटं न धुता बसायचं. चार दिवसांनी अर्धा तास. मग दाराची कडी, मग पैशाच्या नोटा. आजही जगभर हीच पद्धत मुख्य मानतात. आपल्या भागात हा आजार घरच्यांच्या लक्षात येतो तोच मुळी पाण्यावरून. पाणी भरणाऱ्या माणसाला सगळ्यांत आधी कळतं.

औषधही त्याच सुमारास सापडलं, आणि तेही अपघातानेच. क्लोमिप्रामिन हे नैराश्यासाठी काढलेलं औषध. १९६०च्या दशकाच्या शेवटी स्पेनमधल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की त्याने मंत्रचळ कमी होतो. अमेरिकेत त्याला या आजारासाठी परवानगी मिळायला १९८९ उजाडलं. आज ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. त्यानंतर फ्लुओक्सेटिनसारखी, सोसायला सोपी अशी औषधं आली. १९९२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी रुग्णांच्या मेंदूची छायाचित्रं उपचारापूर्वी आणि उपचारानंतर काढली. ज्यांना गोळ्या दिल्या आणि ज्यांना फक्त वर सांगितलेला सराव दिला, त्या दोन्ही गटांत बऱ्या झालेल्यांच्या मेंदूच्या एकाच भागात बदल दिसला. "मन घट्ट कर" म्हणणाऱ्या काका-मामांनी एवढी एक गोष्ट लक्षात घ्यावी. तो मनाचा ढिलेपणा नाही. मेंदूतलं एक चक्र अडकलेलं असतं आणि ते सोडवता येतं.

गोळ्यांचं एक सांगतो, कारण बहुतेकांची गाडी इथेच घसरते. नैराश्याला लागते त्यापेक्षा या आजाराला मात्रा बऱ्याचदा जास्त लागते, आणि गुण यायला आठ ते बारा आठवडे जातात. आपल्याकडे पंधरा दिवसांत फरक नाही पडला की डॉक्टर बदलायचा किंवा गोळ्या नदीत. वर कुणीतरी सांगतंच, "या गोळ्यांची सवय लागते." झोपेच्या काही गोळ्यांची लागते. या त्या नव्हेत. पण मनाने अचानक बंदही करायच्या नसतात, त्या डॉक्टरला विचारूनच उतरवायच्या.

आता घरच्यांबद्दल. साने गुरुजी अमळनेरला शिक्षक होते, त्यामुळे 'श्यामची आई' आपल्याला घरचंच पुस्तक वाटतं. नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये त्यांनी ते लिहिलं. त्यातला तो प्रसंग सगळ्यांना माहीत आहे: आंघोळीनंतर श्यामच्या ओल्या पायांना माती लागू नये म्हणून आई आपलं लुगडं दगडावर पसरते, आणि पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस तसं मनालाही जप, असं सांगते. सुंदर प्रसंग आहे. आईने ते एकदा केलं आणि त्यातून मुलाला पुढे नेलं. मंत्रचळाच्या घरात मात्र ते लुगडं दिवसातून चाळीस वेळा पसरावं लागतं. नवरा कामावरून आला की आधी आंघोळ. पाहुणा बसून गेला की सोफ्याचं कव्हर धुवायला. "गॅस बंद आहे ना?" "हो." "नक्की?" "हो गं बाई, नक्की." प्रत्येक वेळी आपण प्रेमानेच हो म्हणतो. पण त्या प्रत्येक "हो"ने आजाराला एक घास मिळतो, आणि तो उद्या दोन मागतो. जाणकार डॉक्टर रुग्णासोबत घरच्यांनाही बसवतात ते म्हणूनच. काय करायचं यापेक्षा काय करायचं सोडायचं, हे घरच्यांना शिकवावं लागतं. तेही हळूहळू, रुग्णाशी बोलून. उद्या सकाळपासून एकदम सगळं बंद केलंत तर घराचं कुरुक्षेत्र होईल.

आणि मग आला २०२०. मे-जूनमध्ये आपल्या जळगाव जिल्ह्याचा कोरोना मृत्युदर देशाच्या सरासरीच्या कितीतरी पट होता. ते दिवस आठवले की आजही पोटात गोळा येतो. सरकार, टीव्ही, फोनची रिंगटोन सगळे एकच सांगत होते, हात धुवा. ज्याला हा आजार आधीपासून होता, त्याच्या डोक्यातला आवाज आता मोबाइलमधून यायला लागला. भाजी साबणाने धुणं, नोटांना इस्त्री मारणं, दाराच्या कड्या पुसणं हे आपण सगळ्यांनीच केलं. साथ ओसरली तसं तुम्ही-आम्ही सोडून दिलं. काही घरांत ते सुरूच राहिलं. सॅनिटायझरची बाटली अजून दाराशी आहे, पाहुण्यांचं येणं बंद झालंय. तुमच्या गल्लीत असं एखादं घर असेल तर त्यांना माणूसघाणे म्हणण्याआधी जरा थांबा.

किती लोकांना असतो हा आजार? बंगळुरूच्या निम्हान्सने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी केली. त्यात प्रौढांमध्ये हे प्रमाण शंभरात एकाच्या जरा खाली, ०.८ टक्क्यांच्या आसपास निघालं. जळगाव-धुळ्याची लोकसंख्या डोळ्यासमोर आणा आणि तुम्हीच हिशेब करा. हजारांत नाही, दहा-दहा हजारांत जातो. एक गोष्ट मात्र पत्रकार म्हणून खटकते. ती पाहणी बारा राज्यांत झाली. गुजरात होतं, मध्य प्रदेश होतं. आपल्या दोन्ही बाजूंचे शेजारी मोजले गेले. महाराष्ट्र त्या बारांत नव्हता. म्हणजे आपल्याकडचा खरा आकडा त्या पाहणीत नाहीच. मनोविकारांवर भाषणं ठोकणाऱ्या आपल्या लोकप्रतिनिधींनी हा प्रश्न सभागृहात एकदा विचारायला हरकत नाही. त्याच्या जोडीला दुसरा: खान्देशातल्या किती सरकारी रुग्णालयांत वर सांगितलेला सराव करून घेणारा प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ पूर्णवेळ आहे? गोळी लिहून द्यायला पाच मिनिटं लागतात. चपलेला हात लावून घेऊन शेजारी बसायला तास लागतो, आणि तो तास देणारं माणूस नेमावं लागतं.

कायदा रुग्णाच्या बाजूने आहे, हेही सांगून ठेवतो. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार मानसिक आजारावर उपचार मिळणं हा हक्क आहे, आणि विमा कंपन्यांनी शारीरिक आजारासारखंच मानसिक आजारालाही संरक्षण द्यायचं आहे. पॉलिसी घेताना एजंटला हे विचारा, तो सहसा आपणहून सांगत नाही.

धुळे आणि जळगाव, दोन्हीकडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मनोविकार विभागाची ओपीडी असते. नेहमीसारखाच केसपेपर काढायचा. त्यावर "वेडा" असं कुणी लिहीत नाही. जायची लाज वाटत असेल तर आधी १४४१६ वर फोन करा. ही केंद्र सरकारची टेलिमानस सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

कमेंटमध्ये कृपा करून कुणाचं नाव, गाव, नातं टाकू नका. "आमच्या अमक्या काकूंना पण असंच आहे" हे त्या काकूंनी वाचलं तर त्या अजून आत जातील. बोलायचं असेल तर मला मेसेज करा, उत्तर देतो. उशीर झाला तर राग मानू नका, सध्या आमच्याकडे बाजार समितीच्या बातम्यांची धांदल चालू आहे.